सुपरचार्जरच्या गाडीला नवा इनटेक बसवताना

इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर) बदलायचं ठरलं ते खरं सांगायचं तर आवाजासाठी. मूळ एअरबॉक्समध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात, आवाज दाबणाऱ्या पोकळ्या असतात, त्यामुळे सुपरचार्जरची (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपाची) ती शिट्टी आतल्या आतच विरते. अर्थात मित्राला मी "पॉवर वाढवायची आहे" असंच सांगितलं. तो म्हणाला, "अरे, आधी मोज तरी. अडथळा कुठे आहे ते न बघताच खरेदी करणार?"

मोजायला लागते एक पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी. नळीचं एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (पेडलप्रमाणे हवा कमीजास्त करणारी झडप) यांच्यामध्ये जोडायचं, दुसरं मोकळं ठेवायचं आणि मधल्या यू आकाराच्या वळणात पाणी भरायचं. इंजिनाला हवा ओढायला जितका जोर लागेल तितकं पाणी एका बाजूने वर चढतं. दोन्ही बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. बंद ट्रॅकवर मित्र गाडी चालवत होता आणि खिडकीतून आत घेतलेली नळी धरून मी शेजारी. पहिल्या फेरीत नळी आखूड पडली आणि घोटभर लाल पाणी इंजिनाने सरळ पिऊन टाकलं. इंजिनाला काही झालं नाही, मित्र मात्र दिवसभर हसत होता.

लांब नळी लावल्यावर पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर, आकडा आला ४५ सेंटिमीटर. फिल्टर काढून पाहिलं तर ३९. फिल्टर परत बसवून एअरबॉक्सची पुढची अरुंद सोंड काढली, तर एकदम १८! म्हणजे मी ज्याला दोष देत होतो तो फिल्टर बिचारा ६ सेंटिमीटरचा धनी, खरा बोळा सोंडेतच होता.

सुपरचार्जरच्या गाडीत हा अडथळा जास्त बोचतो. माझा सुपरचार्जर रूट्स प्रकारचा आहे. दर फेऱ्याला तो ठरावीक आकारमानाची हवा पुढे ढकलतो. आत येणारी हवाच विरळ असेल, तर पुढे जाणारीही तितक्याच पटीत विरळ. ४५ सेंटिमीटर म्हणजे ४.४ किलोपास्कल. दाब १.६ पट होत असेल तर पलीकडे ७ किलोपास्कल गेले, म्हणजे जवळजवळ १ पीएसआय बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला दाब).

एवढं कळल्यावर नुसती सोंड बदलून थांबायला हवं होतं. मन ऐकेना. कोन फिल्टर, ७६ मिलिमीटरची नळी आणि हीट शील्ड असा संच मागवला.

बसवायला एक दुपार लागली. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरची पिन सोडवली, क्लॅम्प ढिले केले. थ्रॉटल बॉडी उघडी पडताक्षणी तिच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. हे विसरू नका. सुपरचार्जरच्या रोटरमधली फट मिलिमीटरच्या अंशात असते. तिथे एखादा नट गेला तर इनटेक राहू द्या, सुपरचार्जरच नवा घ्यावा लागेल.

पहिली चक्कर झकास! शिट्टी अशी की गाडी दुप्पट पळतेय असं वाटावं. मग दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १७, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल १७ टक्के वाढवत होता.

आधी मला हवेची गळती वाटली. सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले, धूर सोडून पाहिला, कुठेच काही नाही. शेवटी कॅलिपर घेऊन नळ्यांचे व्यास मोजले तेव्हा उलगडा झाला. मूळ सेन्सर ७० मिलिमीटरच्या नळीत होता. ७६ च्या नळीचं क्षेत्रफळ १८ टक्के जास्त, म्हणून तीच हवा सेन्सरवरून सावकाश जाते आणि ईसीयूला ती कमी भासते. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ती दुरुस्ती थांबते, आणि बूस्टखाली लीन मिश्रण म्हणजे नॉकिंगला (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याला) आमंत्रण, पिस्टन जाण्याची भीती. उलगडा होईपर्यंत मी पेडल अर्ध्याच्या पुढे दाबलं नाही.

उपाय दोन: ईसीयू नव्याने ट्यून करणं किंवा सेन्सर त्याच्या मूळ नळीत परत नेणं. मी दुसरा निवडला. मूळ नळी तिच्यातल्या हवा सरळ करणाऱ्या जाळीसकट, सिलिकॉन रिड्यूसरने (दोन मापांच्या नळ्या जोडणारा तुकडा) मधे बसवली; ट्रिम अधिक ३ वर आला.

राहिली उष्णता. संथ गर्दीत इनटेकचं तापमान ५५ अंशांवर जात होतं. २५ अंशांच्या हवेपेक्षा ही जवळजवळ ९ टक्के विरळ, म्हणजे सोंड काढून कमावलेलं इथे गमावलं. शील्डच्या वरच्या कडेला बोनेटला टेकेल अशी रबरपट्टी लावली आणि बंपरमागून रुंद डक्ट आणला. आता वेगात असताना तापमान बाहेरच्यापेक्षा ५-६ अंशच जास्त राहतं. उभ्या गाडीत अजूनही चढतं, त्याला इलाज सापडलेला नाही.

सगळं झाल्यावर पुन्हा नळी लावली. आकडा १५.

म्हणजे मूळ एअरबॉक्स, फक्त सोंड काढलेला, १८. आणि इतका खटाटोप करून १५. मित्राने आकडा पाहिला, काही बोलला नाही. मी खिडक्या खाली करून पेडल दाबलं, शिट्टी ऐकू यावी म्हणून.