क्लचचा पाय आणि मांडी

वर्षावास, म्हणजे भन्तेंनी (बौद्ध भिक्खूंनी) पावसाळ्यात एकाच जागी राहायचे तीन महिने, लागला तेव्हा मी कमरेपायी रजेवर होतो. एसटीत ड्रायव्हर म्हणून एकोणीस वर्षं झाली, त्यातली बरीच कन्नड घाटाच्या वळणांवर गेली. क्लच दाबून दाबून डावा पाय असा आखडलेला की सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागायची. विहारात आम्ही एरवी १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला जाणारे. बायको म्हणाली, "आश्विन पौर्णिमेपर्यंत भन्ते इथंच आहेत, पहाटे ध्यान घेतात. घरी पडून काय करताय?"

साडेपाचला गेलो. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं की डोळे मिटायचे, असं मला वाटलेलं. भन्तेंनी आधी अंग मोकळं करायला लावलं. मान डावी-उजवी, खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे, पाय पसरून घोटे फिरवायचे, मग जमेल तेवढंच पुढं वाकायचं. थंड इंजिनवर चढ घेऊ नये हे मला कळतं, तरी मी जोर लावलाच. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "इतली घाई काय शे तुले, भाऊ? गाडी सुटी ऱ्हायनी का?" मी काय करतो हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

मांडी काही पडेना. गुडघे हवेत, पाठीला पोक. भन्तेंनी सतरंजीची घडी करून बुडाखाली सरकवली. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली आणि पाठ आपोआप सरळ झाली. एवढी साधी युक्ती मला आधी कुणी सांगितली नव्हती!

मग आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. मुद्दाम ओढायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मी घाटात. समोरून ट्रक येतोय, पाय आपसूक ब्रेक शोधतोय. भन्ते म्हणाले, गेलं हे कळलं ना, या परत. मुंग्या आल्या तर लगेच हलायचं नाही, आधी त्या कुठून कुठं जातात ते बघायचं. पण गुडघ्यात कळ आली तर खुशाल पाय सोडा, खुर्ची घ्या. दोघं-तिघं खुर्चीवरच बसायचे.

मला खरं रुचलं ते चंक्रमण, म्हणजे चालता चालता करायचं ध्यान. बोधगयेला बुद्धांच्या चालण्याची जागा दाखवतात, तेच हे. टाच उचलली, पाऊल पुढं, टेकलं. दहा-बारा पावलांवर वळायचं. डोकं रिकामं वगैरे झालं नाही, पण डाव्या पायावर मी भारच टाकत नाही हे तिथं समजलं.

महिनाभर गेलो. गुडघा अजून जमिनीला टेकत नाही. भिंत मात्र सुटली.

परवा ड्युटीवर हजर झालो. गाडी फलाटाला लावायला वेळ होता, म्हणून तिच्याभोवती सावकाश दोन फेऱ्या मारल्या, टाच, पाऊल, टाच, पाऊल. कंडक्टर धावत आला.

"कोणत्या टायरची हवा गेली?"