अर्धी प्लेट फ्लॉरेन्स

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर १५ नंबरची दोन दारं असू शकतात. काळ्या किंवा निळ्या आकड्याचं दार राहत्या घराचं, लाल आकड्याचं दुकानाचं नाहीतर खानावळीचं. दोन्ही आकडे आपापल्या चालीने पुढे सरकतात, त्यामुळे लाल १५ आणि काळा १५ शेजारी असतीलच असं नाही. पत्त्यात लाल आकड्यापुढे बारीकसा ‘आर’ असतो. आर म्हणजे रोस्सो, लाल. फोनमध्ये पत्ता टाकताना तो आर गळला, की भुकेला पाहुणा कुणाच्या तरी घराची बेल वाजवतो.

हा घोळ बहुधा संध्याकाळी होतो, कारण तोवर पायांचे तुकडे पडलेले असतात. सकाळी मोठ्या चर्चचा घुमट, दुपारी उफिझी हे चित्रसंग्रहालय, मधल्या वेळात मायकेलँजेलोचा डेव्हिड पुतळा, असा बेत आखला की दुसरं काय होणार? हे शहर अर्धी अर्धी प्लेट मागवून खावं.

वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा तो घुमट हीच एक प्लेट. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, आणि वर जायची वेळ तिकिटावर छापलेली. म्हणून तिकीट आधीच काढावं आणि वेळ सकाळची घ्यावी. मोठी पिशवी सोबत नेता येत नाही. १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी आधार न देता, विटांचा हा डोलारा एकात एक अशा दोन कवचांचा बांधला. जिना त्या दोन कवचांच्या फटीतून जातो. वरच्या टप्प्यात भिंत अंगावर झुकते आणि घुमटाची गोलाई खांद्याला कळते. ज्याला बंद जागेची धास्ती वाटते त्याने खालूनच बघावं, त्यात कमीपणा नाही.

उफिझीला सोमवारी सुट्टी असते. इतर दिवशी खरी अडचण क्रमाची. बघायला सुरुवात होते वरच्या मजल्यावरून, चित्रकार बोत्तिचेल्लीची दालनं तिथेच लागतात, आणि लोक आपली सगळी ताकद तिथे खर्च करून टाकतात. दुसरा मोठा चित्रकार काराव्हाज्जो खालच्या मजल्यावर, जवळपास शेवटाला. ढालीवर रंगवलेली त्याची मेदुसा, केसांच्या जागी साप असलेली ग्रीक पुराणातली राक्षसीण, किंचाळत असते आणि समोरचा माणूस बाकडं शोधत असतो! त्यापेक्षा बोत्तिचेल्ली झाला की कोपऱ्यातल्या खिडकीतून आर्नो नदी आणि जुना पूल बघावा, गच्चीवरच्या कॅफेत टेकावं, आणि मधली निम्मी दालनं सरळ ओलांडून खाली उतरावं. सगळं बघितलंच पाहिजे असा दंडक नाही.

कॉफी मात्र उभ्यानेच प्यावी. काउंटरशी प्यायलेल्या कॉफीचा दर आणि टेबलावर बसून प्यायलेल्या त्याच कॉफीचा दर यांत चांगलाच फरक पडतो. नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर दुधाचा ग्लास पुढे येतो, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध. पाव अळणी लागला तर तक्रार करू नये. तोस्काना म्हणजे फ्लॉरेन्सचा प्रांत, तिथला पाव बिनमिठाचाच असतो. तोच शिळा झाला की पांढऱ्या घेवड्याच्या आणि काळपट पालेभाजीच्या दाट सूपमध्ये पडतो. नाव रिबोल्लिता, पण जात आपल्या कुस्कऱ्याची. शाकाहारी माणसाने ‘मांसाचं पाणी घातलंय का’ एवढं विचारून घ्यावं.

एक अख्खी सकाळ कास्चिने उद्यानासाठी ठेवावी. मराठी माणसाने तर ठेवावीच. टी-१ ट्रामने कास्चिनेच्या थांब्यावर उतरायचं आणि नदीच्या कडेने पश्चिमेला चालत राहायचं. पाऊण तास तरी लागतो. अगदी टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं २० वर्षांचं. परक्या मुलखात दहनासाठी संगम शोधला गेला, तो हा. १८७४ मध्ये तिथे स्मारक झालं. चार्ल्स फुलर या शिल्पकाराने घडवलेला अर्धपुतळा रंगवलेला आहे, त्यामुळे शहरभर पांढरा संगमरवर पाहून आलेल्या डोळ्यांना तो एकदम ओळखीचा वाटतो. वरची छत्री वास्तुकार चार्ल्स मॅण्टची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे याच मॅण्टने आखला.

फ्लॉरेन्सवाले त्या टोकाला ‘इंदियानो’, म्हणजे भारतीय, म्हणतात, आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. आसपास खाण्यापिण्याची सोय असेल असं धरून चालू नये, पाण्याची बाटली निघतानाच भरून घ्यावी. मंगळवारी गेलात तर वाटेत उद्यानातला बाजार लागतो: कपडे, चपला, भाजी, भांडी. घ्यायचं ते जातानाच घ्या. परत येईपर्यंत विक्रेत्यांनी तंबू आवरायला घेतलेले असतात.