१७ सप्टेंबरची सुट्टी आणि एकमेकांना उत्तरं देत बसलेले दोन सर्व्हर

१८ सप्टेंबरला सकाळी साडेआठला डिस्पॅचमधून फोन आला. "सर, चाकणवाले म्हणायलेत, सुधारित शेड्यूल दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा मेल वापस आला." आदल्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती. वाळूजच्या आमच्या कंपनीच्या यादीत ती आहे, चाकणच्या ग्राहकाच्या यादीत नाही. त्यांचं काम नेहमीसारखं चालू होतं.

हे मेल येतात ती खरेदी विभागाची सामाईक मेलपेटी २ जीबीची. ती काठोकाठ भरली होती आणि त्यात एकाच टूलिंग पुरवठादाराच्या तक्रार कक्षाचे जवळपास २,००० मेल होते. सगळ्यांत एकच मजकूर: 'आपली तक्रार नोंदवली आहे, क्रमांक अमुक.' कंपनीचा लोगो धरून प्रत्येकी साधारण ४०० केबी.

लॉगवरून क्रम लागला. १६ तारखेला सायंकाळी एचआरचं परिपत्रक आलं, 'सर्वांनी सुट्टीचं ऑटो-रिप्लाय लावावं.' खरेदीच्या मुलाने ते स्वतःच्या पेटीऐवजी सामाईक पेटीवर लावलं. ६.५० ला त्याच पेटीतून पुरवठादाराला बिलाची तक्रार गेली. तिची पोच आली, पोचेला आमचं 'कार्यालय बंद आहे' गेलं, त्यांच्या सिस्टिमने ती नवी तक्रार समजून नवा क्रमांक दिला, पुन्हा पोच. मिनिटाला तीन फेऱ्या. पहाटे सहाच्या सुमारास चक्र थांबलं, तेही पेटी भरली म्हणून. तिथून पुढे खरे मेल परत जाऊ लागले.

आमच्याकडे पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा सर्व्हर) आणि डव्हकॉट (मेल पेटीत ठेवणारा) आहे, ऑटो-रिप्लाय सीव्ह या मेल-नियमांच्या भाषेतल्या 'व्हेकेशन'मधून जातो. एका पत्त्याला ठरावीक दिवसांत एकदाच उत्तर, हा त्याचा मूळ नियम. काही सांगितलं नाही तर ७ दिवस. (जीमेल हेच ४ दिवसांनी एकदा करतं.) मग २,००० उत्तरं गेली कशी? कारण सीव्ह लक्षात ठेवतं तो रिटर्न-पाथमधला, म्हणजे मेल पोचला नाही तर जिथे परत जातो तो पत्ता, आणि पुरवठादाराची सिस्टिम दर पोचेला त्या पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून नवा क्रमांक जोडत होती. आमच्या सर्व्हरच्या लेखी ती २,००० वेगळी माणसं होती. त्यात मुलाने विषयाची ओळ स्वतःची घातली होती. ती रिकामी सोडली असती तर मूळ विषय, म्हणजे तक्रारीचा क्रमांकही, उत्तरात गेला असता आणि त्यांच्याकडे जुन्याच तक्रारीला जोडला गेला असता. पोस्टफिक्सची ५० हॉपची (एका मेलने ओलांडलेल्या सर्व्हरांची) मर्यादा इथे उपयोगाची नाही, कारण प्रत्येक उत्तर हा नवा मेल असतो, हॉप पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

सहकाऱ्याने लगेच सुचवलं, पेटीचा कोटा (जागेची मर्यादा) ५ जीबी करून टाकू. हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच सगळ्यात घातक. जागा झाली की पुढच्या पोचेला पुन्हा उत्तर जाणार. पेटी रिकामी करतानाही तेच. म्हणून आधी व्हेकेशनची स्क्रिप्ट बंद केली, मग पेटीची प्रत काढली, मग त्या एका पाठवणाऱ्याचे त्या दोन दिवसांतले मेल शोधून उडवले. त्यानंतर लॉगमधून 'कोटा संपला' म्हणून परत गेलेल्यांची यादी काढली: ११ पत्ते, ३८ मेल. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये विषय नसतो, फक्त पाठवणारा आणि वेळ. त्यामुळे अकरा ठिकाणी फोन करावे लागले. दोन मेल शेड्यूलचे निघाले.

पुरवठादाराच्या आयटीवाल्याचं म्हणणं, "आमची सिस्टिम बरोबर आहे, तुमचं व्हेकेशन बंद करा." ती बरोबर नव्हती. २००४ च्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियमपत्रात स्पष्ट आहे की यंत्राने पाठवलेल्या उत्तरावर 'ऑटो-सबमिटेड' हेडर (मेलच्या माथ्यावरची तांत्रिक ओळ) असावं आणि असं हेडर दिसलं की त्याला उलट उत्तर देऊ नये. आमच्या उत्तरावर ते होतं, रिटर्न-पाथही रिकामा होता, तीही यंत्राच्या उत्तराची खूण. त्यांनी दोन्ही पाहिलं नाही आणि स्वतःच्या पोचेवर हेडर लावलंही नाही. लावलं असतं तर सीव्ह पहिल्याच पोचेला गप्प बसलं असतं.

पण शेड्यूल परत गेलं ती चूक माझ्या बाजूची, आणि तीच मला अजून टोचते. पेटी भरली की मेल कायमचा नाकारायचा, ही डव्हकॉटची मूळ सेटिंग मी कधी बदललीच नव्हती. 'कोटा फुल टेम्पफेल', म्हणजे पेटी भरली तर मेल तात्पुरताच अडवायचा, ही सेटिंग चालू असती तर मेल पोस्टफिक्सच्या रांगेत थांबले असते. तिथली मुदत ५ दिवसांची असते. १८ ला पेटी मोकळी होताच सगळे आपोआप आत आले असते. एका ओळीचं काम होतं.

आता ती ओळ आहे. सामाईक पेट्यांना ऑटो-रिप्लाय नाही. वैयक्तिक पेटीवर लावताना राउंडक्यूबमध्ये (ब्राउझरमधून मेल बघायचं आमचं पान) संपण्याची तारीख टाकायचीच, विषयाची ओळ रिकामी ठेवायची, आणि मजकुरात मोबाइल नंबर नको. स्पॅमवाल्यालाही तेच उत्तर जाऊ शकतं. शिवाय सर्वांच्या स्क्रिप्टच्या आधी चालणारी एक सीव्ह स्क्रिप्ट ठेवली आहे: पाठवणारा नो-रिप्लाय किंवा ठरलेल्या यादीतला असला, की मेल सरळ इनबॉक्समध्ये. तिथेच प्रक्रिया संपते, वापरकर्त्याची स्क्रिप्ट चालत नाही. यात एक तोटा आहे. त्या मेलना लोकांचे स्वतःचे फोल्डर-फिल्टरही लागत नाहीत, आणि अकाउंट्समधून त्याची तक्रार आलीच. ती रास्त आहे, पण माझ्याकडे याहून बरा मार्ग नाही.

पुरवठादाराच्या पोचेवर हेडर मागच्या आठवड्यापर्यंत आलेलं नव्हतं. त्यांचं डोमेन आमच्या यादीत आहे ते तसंच ठेवलं आहे.