काळी माती, काळे कपडे

"बाबा, डाइसमध्ये एक घर सोडलं तर बघण्यासारखं काही नाही," निघायच्या आधी जावईबापूंनी तीनदा सांगितलं. मी म्हटलं, मला ते एक घरच बघायचंय, गायक जॉनी कॅशचं लहानपणीचं घर.

लेक नॅशव्हिलला राहते. नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची पंढरी. दर दुसऱ्या दारातून गिटार ऐकू येते आणि प्रत्येक पोरगा आपण उद्याचे मोठे गायक या थाटात उभा असतो. जॉनी कॅशची ओळख जावईबापूंनीच गाडीत करून दिली होती. भरलेली घागर विहिरीत बुडताना येतो तसा खोल आवाज. शब्द अर्धेच कळायचे, तरी कान हलत नव्हता. मग नॅशव्हिलमधलं त्याच्या नावाचं संग्रहालय पाहिलं. काचेआड काळे कोट, काळे बूट, सोनेरी तबकड्या. सगळं झकपक, पण माणूस काही हाती लागेना. एका फलकावर मात्र अडकलो. हा गडी कापूस वेचत वाढला होता!

मी राळेगाव तालुक्यातला. चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण घरची कपाशी सुटली नाही. सौ.च्या माहेरीही तेच. कापूसवाल्याचं घर बघायला कापूसवाल्यांनी नको का जायला?

मेम्फिसला मुक्काम करून सकाळी मिसिसिपी नदी ओलांडली आणि आर्कान्सा राज्यात शिरलो, डाइस तिथेच. पलीकडे जमीन एकदम सपाट. 1811-12 च्या मोठ्या भूकंपांत इथला बराच भाग खचला, म्हणून याला 'खचलेला मुलूख' म्हणतात. महिना ऑक्टोबरचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरीशुभ्र पऱ्हाटी, एकाही झाडावर हिरवं पान नाही. वेचणीच्या आधी फवारा मारून पानं गाळतात, म्हणजे यंत्राला फक्त बोंडं मिळतात. यंत्र तासं गिळत पुढे जातं आणि मागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पिवळे, गुलाबी गोल गठ्ठे टाकत जातं. दुरून वाटावं कुणी प्रचंड लाडू ओळीनं मांडून ठेवलेत.

"इतकी पऱ्हाटी, अन् वावरात एकबी बाई नाही!" सौ. म्हणाल्या. मैल दोन मैल त्या पुन्हा पुन्हा खिडकीतून बघत होत्या. बाई शेवटपर्यंत दिसली नाही.

डाइस म्हणजे मधोमध एक गोल, त्याला लागून जुनी कचेरीची इमारत, आणि चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर जाणारे रस्ते. आज वस्ती काही शेकड्यांची. हे गाव आपोआप वसलेलं नाही. 1934 मध्ये, महामंदीच्या काळात, रूझवेल्ट सरकारनं दलदलीचं जंगल घेऊन सुमारे 500 बुडालेल्या शेतकरी कुटुंबांसाठी ही वसाहत आखली. प्रत्येकाला घर, गोठा, खुराडं, एक खेचर आणि वीस ते चाळीस एकर जमीन. फुकट काही नाही, सगळं पिकातून फेडायचं. अर्ज, मुलाखती, चौकशा झाल्या. आणि एक अट अशी की घर फक्त गोऱ्यांनाच. आजूबाजूच्या सगळ्या मुलखात कापूस वेचणारे हात बव्हंशी काळे असताना! ही गोष्ट संगीताच्या गप्पांत फारशी येत नाही, पण मला ती त्या गोल चौकात उभं राहिल्यावर सारखी टोचत होती.

कॅश कुटुंब 1935 च्या मार्चमध्ये आलं. रे कॅश, त्याची बायको कॅरी आणि पोरं. जे. आर., म्हणजेच पुढचा जॉनी, तेव्हा तीन वर्षांचा. त्याला नाव म्हणून नुसती आद्याक्षरंच होती. 'जॉन' हे पुढे हवाईदलात भरती होताना लावावं लागलं, कारण सरकारी कागदाला आद्याक्षरं चालत नाहीत. इथेही कागदाचं राज्य आपल्यासारखंच, हे वाचून बरं वाटलं.

कचेरीपासून घर थोडं लांब आहे, गाडीनं नेतात. पाच खोल्यांचं, पांढऱ्या फळ्यांचं बैठं घर आणि तिन्ही बाजूंनी शेतं. आर्कान्सा राज्य विद्यापीठानं 2011 मध्ये ते विकत घेतलं, तेव्हा ते तिरकं झालं होतं. कारण माती. काळी, चिकट, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. इथे तिला 'गंबो' म्हणतात. ही माती विद्यापीठाला नवी असेल, आम्हाला नाही. आमच्या गावात भिंतीला तडा न गेलेलं घर दाखवा! इथे मात्र त्यांनी अख्खं घर उचलून बाजूला ठेवलं, खालची माती काढली, पाया भरला आणि घर परत आणून बसवलं. 2014 मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

आदल्या रात्री सर येऊन गेली होती. पायवाट सोडून मी दोन पावलं शेतात गेलो आणि बुटाला किलोभर माती घेऊन परत आलो. सौ. लांबूनच हसल्या.

आतलं सामान भावंडांच्या आठवणींवरून जमवलेलं आहे. मूळ वस्तू थोड्या, त्यांत आईचा पियानो. वीज नव्हती, पण बॅटरीवरचा रेडिओ होता. दिवसभर शेतात राबून रात्री हा पोरगा रेडिओला कान लावून बसायचा आणि बाप आतून 'बंद कर, झोप' म्हणून ओरडायचा. आईचा मात्र त्याच्या गळ्यावर जीव. त्याला गाणं शिकवायला तिनं लोकांचे कपडे धुऊन पैसे उभे केले. तीन शिकवण्या झाल्या आणि बाईंनी सांगितलं, याला शिकवू नका, आवाज आहे तसाच राहू दे. विहिरीतली ती घागर तशीच राहिली, ती त्या बाईंमुळे.

स्वयंपाकघरात आमची वाटाडी तरुण मुलगी होती. तिनं टोपलीतली कपाशीची फांदी उचलून दाखवली, बोंडाची टोकं बोटांना कशी लागतात ते सांगितलं. आठ वर्षांचा जे. आर. सहा फुटांची पिशवी ओढत वेचणी करायचा, असंही म्हणाली. तेवढ्यात सौ.नी पुढे होऊन तिच्या हातातली फांदी घेतली. पाच बोटं बोंडात गेली, मनगट जरासं फिरलं आणि पाचही पाकळ्यांचा कापूस एका झटक्यात बाहेर. मागे नुसतं टरफल, कचऱ्याचा कण नाही. मुलगी बघतच राहिली. तिनं म्हणे आजवर हातानं वेचताना कुणाला पाहिलं नव्हतं. लेकीनं सगळं इंग्रजीत समजावलं, मग सौ.ना आपली बोटं दाखवावी लागली. तेव्हा जरा लाजल्या.

या घरातली एक गोष्ट सांगताना ती मुलगीही आवाज खाली आणते. 1944 चा मे महिना. जे. आर. बारा वर्षांचा, थोरला भाऊ जॅक चौदाचा. शनिवारी धाकटा मासे धरायला निघाला, थोरल्याला चल म्हणाला. पण जॅकला शाळेच्या कारखान्यात लाकूड कापून दोन-तीन डॉलर मिळणार होते, आणि घराला ते हवे होते. करवतीनं त्याला फाडलं. आठवडाभर झुंजून तो गेला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर पुन्हा वावरात होतं, आईसुद्धा. शोक पाळायला सवड नव्हती. पुढे जॉनी मंचावर काळेच कपडे घालायचा, आणि त्याची कारणं त्यानं बरीच सांगितली: गरिबांसाठी, कैद्यांसाठी. सुरुवातीचं कारण अगदीच साधं होतं. तिघा वादकांकडे एकसारखे दिसतील असे कपडे फक्त काळेच होते. मला मात्र त्या दोन खोल्यांमधल्या दारात उभं राहून दुसरंच वाटलं. ते माझ्यापाशीच राहू दे.

पुढची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. हवाईदलातून जर्मनीत नेमणूक, काम रशियन मोर्स संदेश टिपण्याचं. तिथेच पाच डॉलरच्या आसपास घेतलेली पहिली गिटार. परतल्यावर मेम्फिसमध्ये घरोघर उपकरणं विकायची नोकरी, आणि त्यात सपशेल अपयश. 1955 मध्ये सन रेकॉर्ड्सकडून पहिली तबकडी, पुढच्या वर्षी देशभर नाव. मग गोळ्यांचं व्यसन, अटका, मोडलेला संसार. 1968 च्या जानेवारीत फॉल्सम तुरुंगातला कार्यक्रम आणि मार्चमध्ये गायिका जून कार्टरशी लग्न. तुरुंगाची इतकी गाणी गायली, पण शिक्षा भोगायला तो कधी तुरुंगात गेला नाही, कोठडीतल्या सुट्या सुट्या रात्री तेवढ्या. 1986 मध्ये कोलंबिया या तबकड्या काढणाऱ्या जुन्या कंपनीनं त्याला सोडून दिलं, आणि आठ वर्षांनी, साठी उलटल्यावर, नुसती गिटार घेऊन तो पुन्हा उभा राहिला. 2003 मध्ये मे महिन्यात जून गेली, सप्टेंबरात तो. नॅशव्हिलजवळ हेंडरसनव्हिलला दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. आम्ही तिथेही गेलो होतो. समाध्या नेटक्या, आजूबाजूचं गवत कापलेलं. बुटाला काही लागलं नाही.

परतताना जावईबापूंनी गाणं लावलं, 1937 च्या पुराचं. त्या जानेवारीत डाइसमध्ये पाणी शिरलं, बायकापोरांना आगगाडीनं बाहेर काढावं लागलं. गाण्यात पोरगा आईबापाला सारखं विचारतो, पाणी किती चढलं? आणि फूटाफुटानं पाणी चढत जातं. सूर इतका मजेचा की पूर आहे की जत्रा, कळू नये. शेवटचा आकडा पाच फूट, आणि तिथेच गाणं संपतं.

मी सौ.ना ओळ ओळ सांगत होतो. गाणं संपलं तरी त्या बाहेरच बघत होत्या.

"वाफ्यात गाळ बसला असन," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली कापूस जबर झाला असन त्याइचा."

जावईबापूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते गाणं म्हणण्याआधी जॉनी कॅश लोकांना हेच सांगायचा. पाणी ओसरल्यावर वावरात नवी काळी माती बसली होती, आणि पुढच्या वर्षी त्यांना कधी आला नव्हता असा कापूस आला.

"थांबवा जरा," सौ. म्हणाल्या. मग मी बाहेर उतरून बूट खरवडत बसलो.