बसलेली गाय आणि उभी गाय

पोळा होऊन गेलेला, कोठ्यात अजून ओल होती. आर्वी तालुक्यातल्या एका गावात चार दिवसांपूर्वी व्यालेली संकरित गाय रात्रीतून बसली. मान कुशीकडे, कान गार, डोळे खोल. अशी गाय दिसली की दुग्धज्वर समजून कॅल्शियम चढवून पुढच्या गावाला निघणारे पुष्कळ आहेत. कासेला हात न लावता बाटली काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मागचा उजवा सड पिळला, तर दूध नव्हतंच. फिकट पिवळं पाणी आणि त्यात कोंड्यासारखे कण. दगडी, म्हणजे कासेचा दाह, त्यातला हा सगळ्यात बेफाम प्रकार. ओल्या शेणातल्या इ. कोलायसारख्या जंतूंचा संशय लगेच आला.

त्याआधी रात्री कुणीतरी त्या सडात एकामागून एक औषधाच्या ट्यूबा सोडून पैसे घेऊन गेला होता.

"मॅडम, मोठं इंजेक्शन द्या जी एखादं," गायीचे मालक काकाजी म्हणाले.

खरी लढाई जंतूंशी उरलेलीच नसते, हे सांगायला तेव्हा वेळ नव्हता. ७.२ टक्के मिठाचं सलाईन दोन लिटर झटपट सोडलं, मग नळीनं पोटात बादल्या भरून पाणी. दाह आणि दुखणं कमी करायला मेलोक्सिकॅम. कॅल्शियम मात्र हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत. काकूंना तो सड दर दोन तासांनी रिकामा करायला लावला. त्या माउलीनं रात्रभर एकही पाळी चुकवली नाही.

दवाखान्यात रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, शोधाव्या लागत होत्या, आणि सापडल्या त्या बहुतेक कच्च्या. इ. कोलायच्या कवचातलं विष कासेच्या पेशींनी ओळखलं, की रक्तातले न्यूट्रोफिल लाखोंनी कासेत उतरतात, रक्त रिकामं पडतं आणि हाडांतला मगज अर्धवट पिकलेल्या पेशी बाहेर ढकलतो. पण ताज्या व्यालेल्या गायीत हेच न्यूट्रोफिल मंद असतात. तिचं खाणं दुधाला पुरत नाही, कॅल्शियम उतरलेलं असतं. न्यूट्रोफिल उशिरा पोचतात, तोवर जंतू बेसुमार वाढतात. शिवाय दुधात आल्यावर ते जंतूंबरोबर चरबीचे थेंब आणि केसीनही गिळतात, अर्धी ताकद त्यातच जाते. गाय बसते ती बरेचदा मेलेल्या जंतूंच्या विषानं आणि तिच्या स्वतःच्या शरीरानं उठवलेल्या वादळानं.

मला झोप लागू देत नाही ती मात्र शेजारची गाय. पाणी पाजणं चालू असताना ती निवांत तुरीचं कुटार खात होती. तिचा पुढचा डावा सड जरा टणक वाटला म्हणून सीएमटीच्या, म्हणजे दुधातल्या पेशी वाढल्यात का ते दाखवणाऱ्या चाचणीच्या, पॅडलमध्ये दूध घेतलं, औषध टाकून फिरवलं आणि जेलीसारखा गोळाच झाला. फुटलेल्या पेशींमधला डीएनए असा घट्ट होतो. निरोगी सडाच्या दुधात एका मिलिलिटरला १ लाखाच्या आत पेशी असतात. २ लाखांवर गेल्या की आत काहीतरी मुरतंय असं धरावं.

"ते बरी हाय जी, तिचं काहून पाहून राहिल्या?"

दोन्ही नमुने नागपूरला पाठवले. बसलेल्या गायीच्या सडात एकही जंतू वाढला नाही. उभ्या गायीच्या सडात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला. हा जंतू शरीराला नीट हाक घालूच देत नाही. न्यूट्रोफिल येतात, पण कमी आणि सावकाश. काही जंतू त्यांच्याच पोटात जिवंत राहतात. भोवती गाठी धरतात, तिथवर औषध धड पोचत नाही. धार काढणाऱ्या हातांनी आणि कासेच्या फडक्यानं तो कोठाभर फिरतो. ताप नाही, चारा बंद नाही, फक्त दूध हळूहळू घटतं. दूध संकलन केंद्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) बघून भाव देतं, पेशी कुणीच मोजत नाही. युरोपात मर्यादा ४ लाखांची आहे.

बसलेली गाय उठली. एक सड या वेतात गेला, बाकी तीन चालू आहेत. काकाजींना तीच काढून टाकायची होती. मी हात जोडून थांबवलं. उभीला शेवटी पिळा, फडकं वेगळं ठेवा, विकू नका, हेही सांगितलं.

पुढच्या बाजारात त्यांनी उभीच विकली. घेणाऱ्याला सडाबद्दल सांगितलं का, विचारलं. "चारा खाते, दूध देते, काय सांगू जी?" घेणाऱ्याचं गाव त्यांनी सांगितलं नाही. आता मी त्या भागातल्या संकलन केंद्रांवर पॅडल घेऊन जाते आणि दूध घालायला येणाऱ्यांना चारही सडांचं दूध वेगवेगळं आणायला सांगते.