बेचाळीसचं गाणं कुठलं?

माझ्याकडे ग्रामोफोनच्या 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या, तबकड्या आहेत हे पसरल्यापासून जुलै सरत आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "9 ऑगस्टचा, क्रांतिदिनाचा कार्यक्रम आहे, बेचाळीसचं एखादं दणदणीत गाणं द्या ना." तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. तुमच्या मनात बहुतेक 'किस्मत' सिनेमातलं 'दूर हटो ऐ दुनियावालो' आहे आणि ते आहे त्रेचाळीसचं.

हा काटेकोरपणा तुम्ही सोडून द्या हवं तर. गाणं भारीच आहे. कवी प्रदीपांनी त्यात युद्धातल्या शत्रूंचं, जर्मन-जपान्यांचं नाव घेतलं, त्यामुळे सेन्सॉरला ते इंग्रज सरकारच्या बाजूचं वाटलं. थिएटरात खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र 'दुनियावाले' कोण ते बरोबर कळलं. सिनेमाचा नायक खिसेकापू, हेही आपण विसरतो. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात 'किस्मत' तीन वर्षांहून जास्त चालला, हे प्रत्येक निवेदक कौतुकाने सांगतो. पण त्याच काळात बंगालात दुष्काळ होता, त्याच शहराच्या फुटपाथांवर माणसं अन्नावाचून मरत होती. मंतरलेले दिवस वगैरे ऐकलं की मला हे आठवतं. निवेदनात ते कधीच नसतं.

खरंच बेचाळीसची गाणी हवीत? मग 'खानदान' सिनेमात गाणारी नूरजहाँ ऐका. 'शारदा'त संगीतकार नौशादनी जेमतेम तेरा वर्षांच्या सुरैयाचा आवाज मेहताबसारख्या मोठ्या नायिकेला दिला, ते ऐका. चंद्र, ढग, विरह, सरलेलं बालपण. लढाईचा मागमूस नाही. दिवसभर महागाई आणि अफवांनी पिचलेल्या माणसाने संध्याकाळी आणखी बिगुल कशाला ऐकावा? त्याला नूरजहाँच हवी होती, आणि त्यात त्याचं देशप्रेम कमी पडत नव्हतं.

लढाई होती ती तबकडीच्या अंगात. ती बनायची लाखेची, आणि लाख जायची आपल्याकडून, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमांवरून जगभर. युद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या दळून नव्यात घातल्या. कितीतरी गाणी अशी दुसऱ्या गाण्यांच्या पोटात गेली.

तरी बेचाळीसचं म्हणून एकच निवडायचं, तर ते सिनेमातलं नाही. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ऑगस्टात मुंबईत सुरू झाला. जागा सतत बदलायची, कारण पोलीस रेडिओलहरींचा माग काढत. 12 नोव्हेंबरला धाड पडली तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. पोलीस म्हणाले, बंद करा. उषाबाईंनी केली नाही. 78ची एक बाजू चालते तीन-साडेतीन मिनिटं. धाड टाकायला आलेल्यांच्या देखत तेवढा वेळ हलायचं नाही, म्हणजे काय ते घड्याळ लावून बघा एकदा.

तेव्हा 'वंदे मातरम्' लावा, पण पूर्ण. एक कडवं झालं की पाहुण्यांच्या सत्कारासाठी आवाज खाली ओढायचा नाही. त्यानंतर नूरजहाँ लावा. समोरचे आधी चपापतील, मग ऐकत बसतील. तबकड्या आणि ग्रामोफोन मीच घेऊन येईन. दर बाजूला सुई बदलावी लागते, आणि ते काम मी स्वयंसेवकांवर सोडत नाही.