व्हीएममधल्या कर्नलने वेळ मोजू नये, विचारावी

व्हीएमचं, म्हणजे खऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालवलेल्या आभासी संगणकाचं, घड्याळ मागे पडतंय म्हटलं की लोक लगेच एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावायला सांगतात. लावा ना, पण आधी आतला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वेळ कशावरून काढतोय ते बघा, मूळ दुखणं बऱ्याचदा तिथेच असतं.

पूर्वी कसं असायचं, की कर्नल बूट होताना टायमर चिपला सांगायचा, मला सेकंदाला इतके इंटरप्ट (सीपीयूला हाक मारणारे इशारे) दे, आणि मग आलेले इंटरप्ट मोजत बसायचा, तेच त्याचं घड्याळ. पीसीतली 8254 चिप साधारण 1193182 हर्ट्झवर चालते, तिला योग्य भाजक दिला की झालं. लिनक्स 2.6 ने एक्स86 वर हा आकडा 100 वरून 1000 केला, 2.6.13 मध्ये डीफॉल्ट 250 झाला. खऱ्या मशीनवर काही अडत नाही. पण व्हीएममध्ये सीपीयू कायम आपल्या हातात नसतो, हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आपल्याला थांबवून दुसऱ्या कुणाला चालवतो आणि तेवढ्या वेळातले इंटरप्ट एकतर हरवतात नाहीतर नंतर सगळे एकदम येऊन आदळतात. शिवाय एकेका सीपीयूच्या वीस व्हीएम, प्रत्येकी 1000, म्हणजे होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनवर) सेकंदाला 20000 इंटरप्ट, तेही कुणालाच काही काम नसताना. 2007 मध्ये लिनक्स 2.6.21 ला टिकलेस मोड (काम नसताना ठरावीक इंटरप्ट न घेणारा) आला तेव्हा हा भार खूप कमी झाला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा मार्ग वेगळा, तो व्हीएममध्ये आहे असं कळलं की 1000 चा डीफॉल्ट 100 वर आणतो.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कॅलिब्रेशन. टीएससी (सीपीयूतला सतत वाढत जाणारा काउंटर) आणि लोकल एपिक टायमर (प्रत्येक सीपीयूचा स्वतःचा टायमर) किती वेगाने चालतात हे कर्नलला माहीत नसेल तर तो 8254 सारख्या माहितीतल्या टायमरशी काही मिलिसेकंद ताडून बघतो, आणि नेमकं त्याच वेळी व्हीसीपीयू (व्हीएमचा आभासी सीपीयू) बाजूला काढला गेला तर आकडाच चुकतो, मग पुढच्या बूटपर्यंत सगळे टाइमआउट त्या चुकीच्या आकड्यावर. लिनक्स पुन्हापुन्हा मोजून गडबडलेली मापं टाकून देतो, तरी मुळात मोजायचंच कशाला?

स्वतःचा कर्नल लिहीत असाल तर आधी सीपीयूआयडीमधला (सीपीयूची माहिती देणाऱ्या सूचनेतला) हायपरवायझर बिट बघा (लीफ 1, ईसीएक्सचा बिट 31). हायपरवायझरांपैकी व्हीएमवेअर टीएससीचा वेग सीपीयूआयडीतूनच सांगतो, हायपर-व्ही एमएसआरमधून (सीपीयूच्या खास रजिस्टरमधून). लिनक्समधल्या केव्हीएम हायपरवायझरचं तर फारच सुंदर आहे: गेस्टने (व्हीएममधल्या सिस्टिमने) मेमरीतला एक पत्ता द्यायचा, होस्ट तिथे वेळ, त्या क्षणाचा टीएससी, गुणक आणि शिफ्ट लिहून ठेवतो, गेस्ट स्वतःचा टीएससी वाचून बाकी हिशोब करतो. त्यात एक व्हर्जन नंबर असतो, विषम दिसला म्हणजे होस्ट अजून लिहितोय, पुन्हा वाचा. वाचून झाल्यावरही तो बदलला नाही ना ते तपासा, ही पायरी गाळू नका. लाइव्ह मायग्रेशनमध्ये वेगळ्या वेगाच्या मशीनवर गेलात तरी होस्ट नवा गुणक लिहितो.

इंटरप्टसाठी टीएससी-डेडलाइन मोड मिळत असेल तर तोच घ्या, टीएससी किती झाल्यावर उठवायचं तो आकडा एका एमएसआरमध्ये लिहायचा बस, एपिक टायमर वेगळा मोजायला नको.

आणि तयार लिनक्सच वापरत असाल तर चालू क्लॉकसोर्स (कर्नल ज्यावरून वेळ वाचतो तो काउंटर) कोणता ते एकदा बघाच. तिथे एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम (सीपीयूबाहेरचे टायमर) दिसलं तर प्रत्येक वेळ-वाचनाला सिस्टिम कॉल आणि वर व्हीएममधून बाहेर होस्टकडे फेरी, आणि डेटाबेससारखा प्रोग्रॅम सारखी वेळ विचारत असतो, तो हळू झाला की लोक डिस्क तपासत बसतात.